हळदीचं बोट

आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर आरशाशिवाय दाढी करत. त्यामुळे त्यांच्या हनुवटीवर कायम एखादी ताजी चीर असे, आणि बांधाकडेचं गवत कापताना राहून जावं तसा कानाखाली केसांचा एक पट्टा राहून गेलेला असे. कुणी विचारलंच तर म्हणत, "आरसा लागतोच, असं कुणी सांगितलं?" विचारणाऱ्याला तो विनोद वाटे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पुढे कळलं, की या गृहस्थाने उमेदीची सगळी वर्षं याच एका वाक्याच्या मागे घातली आहेत.

नारायणगावाजवळच्या त्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायला आले ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. आदल्या वर्षी नवरा अपघातात गेला होता. माहेरी बसून लोकांची हळहळ ऐकण्यापेक्षा परकं गाव बरं, एवढाच हिशेब होता. पण हळहळ माझ्या आधी एसटीने येऊन पोचली होती. स्टाफरूममध्ये जो तो चेहरा लांब करून, आवाज खाली आणून माझी चौकशी करायचा. सर तेवढे कोपऱ्यातून उठून आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कपाटात क्लोरोफॉर्म आहे का? जुना असला तरी चालेल."

वर्षभरात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मी मुकाट्याने बाटली काढून दिली. बाटली घेणारी बोटं पेरापर्यंत गुलाबी होती. मुलं त्यांना मागून 'रंगपंचमी' म्हणत हे मला दुपारपर्यंत कळलं, आणि ज्या घरात मला भाड्याने खोल्या मिळाल्या होत्या त्याच घराच्या दुसऱ्या अंगाला ते राहतात, हे संध्याकाळी.

गुलाबी रंग, क्लोरोफॉर्म आणि आरसा यांचा संबंध त्यांनी मला येडगावच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर समजावून सांगितला. ते चालत असले की समोरच्याला ऐकावंच लागे.

"लेसर म्हणजे काय? दोन आरसे समोरासमोर, मधे उजेड. तो बिचारा हिकडून तिकडं येरझारा घालतो आणि प्रत्येक फेरीला वाढतो. बरोबर? आता आरसे काढून टाका."

"मग उजेड निघून जाईल."

"गर्दीत सोडला तर? मॅडम, आठवडे बाजारात काडेपेटी आणायला गेलेला माणूस कधी वेळेत घरी आलाय? वाटेत दहा जण भेटणार. त्याच्याकडं एखादी बातमी असली तर भेटंल त्याला सांगणार, तो पुढच्याला. बाजाराच्या त्या टोकाला पोचेस्तोवर सगळा बाजार एका सुरात एकच बोलायला लागतो. आरसा कुठंय? नुसती गर्दी!"

त्यांचा बाजार म्हणजे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेच्या पट्टीवर ओतलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. त्यात मिसळलेली पांढरी पूड म्हणजे उजेडाच्या वाटेत आडवी येणारी माणसं, आणि गुलाबी रंग म्हणजे बातमी पसरवायला टपून बसलेली तोंडं. बाहेरून हिरव्या लेसरचा ठोका मारायचा आणि आत धक्के खात फिरणाऱ्या उजेडाचा आपोआप दुसरा लेसर व्हायची वाट बघायची. परदेशात हे नुकतंच साधलं होतं. तेच सरांना गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्याकडच्या अॅक्रिलिकच्या कातरणांतून आणि रंगाच्या दुकानातल्या पांढऱ्या पुडीतून साधायचं होतं. त्यावरच त्यांची पीएचडी होती.

खोडदला त्यांची शेती भाऊ बघायचा. तो कधी भाजी घेऊन आला की ओट्यावर बसून माझ्याकडे गाऱ्हाणं मांडायचा. "मॅडम, आमच्या रानाशेजारी दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या उभ्या राह्यल्या. सगळं जग हितं नोकरी मागाया येतंय. आन् आमचं शिकल्यालं माणूस काचंव रंग फासत बसलंय. आमी कुणाला सांगायचं?"

सर आतून ओरडत, "आकाशात बघायला लई जण हायेत!"

या सगळ्यात सरांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची जागा कुठे, तर मधोमध. त्या अवसरी बुद्रुकच्या. अंगाने बारीक, जिभेने सणसणीत. सकाळी सर दाढी करून ओट्यावर आले की वहिनी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर उभ्या राहत. हनुवटी धरून मान इकडे वळव, तिकडे वळव. "हितं राह्यलं. हितं कापलंय. तुरटी लावा." मी एकदा म्हटलं, वहिनी, एक आरसाच आणून द्या की त्यांना. तर म्हणाल्या, "आरसा कशाला? मी हाय की समोर."

पापुद्रा वाळवणं हे मोठं नाजूक काम असतं. वारा लागला की तो तडकतो, धूळ बसली की फुकट जातो. कॉलेजची प्रयोगशाळा हायवेच्या कडेला. सगळ्या घरात बिनवाऱ्याची, बिनधुळीची, दार लावून घेता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे वहिनींचा लाकडी देव्हारा. तिथे वरच्या फळीवर सरांच्या काचा मांडलेल्या असत. देवांना खाली दाटीवाटीने बसावं लागे. "खंडोबाला पाय पसरायला जागा न्हाई," वहिनी कुरकुरत, पण काचांना हात लावत नसत. सर देव मानत नव्हते. देव्हारा मात्र फार मानत.

दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या लेसरवर सरांचा नंबर लागायचा. मग काचा स्टीलच्या डब्यात, दर दोन काचांमध्ये जुन्या धोतराचा तुकडा, आणि डबा मांडीवर घेऊन सर एसटीत. तिथे पडद्यावर उजेडाचा आलेख उमटे. साधा उजेड असला की त्याची पसरट टेकडी दिसायची. लेसर झाला तर ती टेकडी आक्रसून तिचा सुळका व्हायला हवा, जीवधन किल्ल्याशेजारी उभा आहे तसा. संध्याकाळी सर परत आले की वहिनी दारातच विचारत, "टेकडी का सुळका?"

"टेकडी."

"हात-पाय धुवा. पिठलं टाकते."

वर्षानुवर्षं टेकडीच आली. मला त्या माणसाची कीव यायची आणि राग पण यायचा. एवढ्या बुद्धीचा माणूस, गाईड लिहून बंगला बांधला असता. पण त्यांना टेकडी आली तरी पिठलं गोड लागायचं, आणि माझ्या ताटात श्रीखंड असलं तरी चव नसायची. मग कीव कुणाची करायची, हा प्रश्न होता.

एका वर्षी खंडेनवमीला वहिनींनी विळा, खुरपं, शिलाई मशीन, सगळ्याची पूजा मांडली. सरांची सायकलही पुसून घेतली. मग त्यांच्या मनात आलं, की ज्याच्या त्याच्या हत्याराला हळद लागली, आपल्या माणसाचं हत्यार तेवढं राहिलं. त्यांनी देव्हाऱ्याचं दार उघडलं, हळदीत बोट बुडवलं आणि पहिल्या काचेवर टेकवलं. पापुद्रा अजून ओला होता. बोट चिकटलं. घाबरून काढून घेतलं तोवर प्लास्टिकमध्ये बोटाचा ठसा रुतून बसला होता, हळदीसकट.

सर घरी आले आणि मी भिंतीपलीकडून त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. "अक्कल हाय का तुला? कशाला बोट घालायचं माझ्या कामात?" वहिनींचा आवाज आलाच नाही. सणासुदीला ते घर गप्प झालं. दसऱ्याचं सोनं द्यायला गेले तर वहिनींचे डोळे सुजलेले होते.

त्या खेपेच्या बाकीच्या काचा धड निघाल्या नाहीत. दोन तडकल्या, एकीत बुडबुडे. पुण्याचा नंबर तर लागलेला. डबा रिकामा न्यायचा नाही, म्हणून सरांनी ती हळद लागलेली काचही उचलली.

संध्याकाळी सर आले तेव्हा मी ओट्यावर वहिनींबरोबर मटार सोलत बसले होते. अबोला चालूच होता. वहिनींनी मान वर केली नाही आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सर डबा धरून दारातच उभे राहिले आणि न विचारताच म्हणाले, "सुळका."

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुझ्या बोटाखाली. बाकी काचंवर सगळी टेकडी. बोटाच्या जागी सुळका."

वहिनींनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाल्या, "आन् मला अक्कल न्हाई म्हणं." आम्ही तिघेही इतके हसलो, की मटारांची सुपली पालथी झाली.

कशाने झालं ते सरांना सांगता येईना. हळदीच्या कणांनी गर्दी वाढवली असेल, बोटाच्या रेघांनी असेल, कातडीच्या तेलानेही असेल. आता ते पुन्हा करून दाखवायला हवं. मग काय, ओट्यावर काचा मांडून वहिनी हळदीची वाटी घेऊन बसत आणि एकेका ओल्या पापुद्र्यावर बोट टेकवत. "आता जोरात. आता हलक्यानं. आता हात धुऊन." वहिनी म्हणत, "एवढी हळद तर माझ्या लग्नात लागली न्हाई." त्यातल्या काही काचांवर सुळका आला, काहींवर आला तसा गेला, पण पहिल्यासारखा पुन्हा कशावर आला नाही.

एक अडचण मोठी होती. लेसरचा ठोका बसला की रंग उजळतो, आणि प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा मरतो. हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, हे काही बाईला शिकवावं लागत नाही. तसंच हे. बघायचं म्हणजे जाळायचं. वहिनींच्या बोटांच्या सगळ्या काचा अशा बघून बघून संपल्या. पहिली काच तेवढी सरांनी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. वहिनी म्हणाल्या, "तिचं काय लोणचं घालायचंय? दाखवा की त्या पुण्यावाल्यांना." सर म्हणाले, दाखवू, घाई काय आहे.

घाई कुणाला होती ते आम्हाला कळलं नाही. वहिनींना थकवा यायला लागला, मग अंगावर निळे डाग. रक्ताचा आजार निघाला. पुण्याला इस्पितळात मी त्यांच्याजवळ राहायचे. एकदा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "मॅडम, ह्यांची दाढी बघितली का? गालाव निम्मं रान तसंच हाय. मी गेल्याव बघवणार न्हाई कुणाला." मी म्हटलं, असलं बोलू नका. त्या म्हणाल्या, "मग कसलं बोलू?" पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

सर रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉलेजात आले, कानाखालचा पट्टा तसाच, हनुवटीवर दोन चिरा. तुरटी लावायला कुणी नव्हतं, त्यामुळे कॉलरला रक्त लागलेलं. वर्गात शिकवलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला, बघितला आणि बंद केला.

त्यानंतरच्या वर्षात ते जे करत सुटले त्यावरून गावाने त्यांना वेड्यात काढलं. ते ओल्या काचा घेऊन बायकांकडे जाऊ लागले. दूधवालीकडे, शिपायाच्या बायकोकडे, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या ऐन गर्दीत. "ताई, जरा हळदीचं बोट टेकवता का?" बायको गेलेला पुरुष परक्या बायकांकडे हळदीचं बोट मागतो म्हटल्यावर कुणी दार लावलं, कुणी दया येऊन बोट लावलं. प्राचार्यांनी बोलावून समज दिली. सर त्यांना गर्दीचं आणि बाजाराचं समजावत बसले. पुण्याहून दर वेळी टेकडीच घेऊन आले.

एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात काच, दुसऱ्या हातात वहिनींची हळदीची वाटी. मी दचकले. नवरा गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नव्हतं. शेजारणी ताट घेऊन जाताना माझ्या दारावरून पदर सावरून, पाय उचलून जायच्या.

"सर, मला नाही चालत," मी म्हटलं.

"कुणाला?"

"लोकांना."

"लाईटला चालतं," सर म्हणाले.

मी हळदीत बोट बुडवलं. थंडगार, मऊ हळद. किती वर्षांनी. काचेवर बोट टेकवलं आणि मला रडू कोसळलं, ते काही केल्या थांबेना. सर काच सावरत नुसते उभे राहिले. समजूत घालायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. माझ्या बोटाखालीही टेकडीच निघाली. ते सांगताना त्यांनीच मला विचारलं, "मॅडम, बोट कुणाचं आहे हे उजेडाला कळतं का हो?" मी केमिस्ट्रीची बाई. काय सांगणार?

शेवटी पीएचडीची मुदत संपत आली. पुण्याचे मार्गदर्शकही निवृत्त व्हायला आले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आलेख जुने आहेत, नंतर एकदाही तसं आलेलं नाही, बाहेरचे परीक्षक डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाहीत. दाखवण्यासारखी काच एकच होती. दाखवली तर पदवी मिळेल आणि बोट जाईल. नाही दाखवली तर बोट राहील आणि दोघांची सगळी वर्षं पाण्यात. सर आठवडाभर धरणाच्या रस्त्याने फेऱ्या मारत होते. मग एका संध्याकाळी माझ्याकडे आले. "ती म्हणली होती, लोणचं घालायचंय का. तुम्ही होता ना तिथं?"

"होते."

"मग उद्या चला बरोबर. मला एकट्याला जमायचं नाही."

अंधाऱ्या खोलीत आम्ही सगळ्यांनी केशरी चष्मे घातले. सरांनी काळा कागद उलगडला. काच स्वतःच्या हाताने चिमट्यात बसवली. हिरवे ठोके सुरू झाले, टिक टिक टिक, आणि पडद्यावरची टेकडी बघता बघता आक्रसून सुळका उभा राहिला. इतका सरळ आणि उंच, की हाच तो, हे मलाही न विचारता कळलं. परीक्षक वयस्कर, सज्जन माणूस. पुढे वाकून बघत म्हणाले, "वा! झालं, बास. काच जपून ठेवा आता."

म्हणजे बोट वाचलं होतं. मी काळा कागद उचलून पुढे केला. सर मात्र हलले नाहीत.

"सर, पडदा तुम्ही बघितलात," ते म्हणाले. "मी पण आजवर पडदाच बघत आलो. काचेकडं कधी बघितलंच नाही. जरा बघू द्या."

यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "सर, चालू ठेवलं तर रंग जाईल."

"कागदात गुंडाळून तरी किती राहणार? जाऊ दे."

ते काचेशी वाकले. वहिनींच्या बोटाच्या पेरावर केशरी उजेड जळत होता. सर बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवत राहिले, म्हणजे उजेड एका रेघेवरून दुसरीवर जाईल, एकही रेघ राहू नये. जिथून उजेड जाई तिथे मागे फिकट होत जाई. पडद्यावरचा सुळका खचला, टेकडी झाली, मग टेकडीही बसली. परीक्षकांनी चष्मा काढून हातात धरला होता. सर अजून वाकलेलेच होते. शेवटी मीच त्या मुलीला खूण केली आणि टिकटिक थांबली.

परतीच्या एसटीत त्यांनी काच खिडकीशी धरली. रंग कुठेच नव्हता. प्लास्टिकमध्ये रुतलेल्या बोटाच्या रेघा तेवढ्या उन्हात दिसत होत्या, पाण्यासारख्या. मंचरला गाडी थांबली, अवसरीचे दोन जण चढले, त्यांतला एक सरांना ओळखून म्हणाला, "पावणं, लई दिसांनी! कुठं गेला व्हता?" सर म्हणाले, "पोचवायला गेलो होतो." त्याला वाटलं, कुणाला तरी स्टेशनवर. पुढे बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मॅडम, मी तिला म्हणलो होतो, माझ्या कामात बोट घालू नको म्हणून."

घरी पोचलो. कुलपाला किल्ली लावून सर दारात नुसतेच उभे राहिले. ते कशाची वाट बघताहेत हे मला कळलं. मला विचारायचा अधिकार नव्हता. तरी विचारलं.

"टेकडी का सुळका?"

"सुळका व्हता," सर म्हणाले आणि कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हार आणि पेढे आले. प्राचार्यांनी त्यांना 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. जो तो म्हणत होता, पदवी मिळाली आणि माणसाचं रूपच पालटलं, किती नीटनेटके दिसताय! खरंच होतं. हनुवटीवर एकही चीर नव्हती. कानाखालचा पट्टा साफ निघाला होता. सर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्यासमोर आले, आणि मी काही विचारायच्या आत ओशाळं हसून म्हणाले, "सकाळी आरसा आणला, मॅडम."